पॉपअप नेमका कुठून येतो ते ओळखा, आणि तो बंद करायला माउस वापरू नका

टिपकागद

"पॉपअपनी वैताग आणलाय, काय करू?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ॲडब्लॉकर टाका. तो टाकूनही त्रास थांबत नाही अशी निम्म्या लोकांची तक्रार असते. कारण सरसकट पॉपअप म्हणून आपण ज्यांच्या नावाने बोटं मोडतो ती चार-पाच निरनिराळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. आधी निदान, मग उपचार.

पहिला प्रकार खरा पॉपअप: पानातून उघडलेली वेगळी खिडकी किंवा टॅब. याचा बंदोबस्त जुना आहे. २००४ साली फायरफॉक्स १.० आणि विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मधला इंटरनेट एक्सप्लोरर आले, ते पॉपअप अडवण्याची सोय मुळातच चालू ठेवून. आज सगळ्या ब्राउझरांचा नियम एकच आहे. पानाने आपणहून खिडकी उघडली तर अडवायची, वाचकाने क्लिक केल्यामुळे उघडली तर सोडायची. पळवाट इथेच आहे. फुकट सिनेमे किंवा सामने दाखवणाऱ्या पानांवर व्हिडिओच्या वर एक पारदर्शक थर असतो. तुम्ही 'प्ले' दाबता, क्लिक त्या थरावर पडतो, जाहिरात उघडते आणि ब्राउझरच्या दृष्टीने ती तुम्हीच मागवलेली असते. दुसऱ्या क्लिकला व्हिडिओ चालू होतो तो यामुळेच.

दुसरा, पानावर तरंगणारी चौकट: वर्गणीदार व्हा, कुकीज स्वीकारा, आमचं ॲप घ्या. ही वेगळी खिडकी नसून पानाचाच तुकडा असते, त्यामुळे ब्राउझरच्या पॉपअप सेटिंगचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

तिसरा, सूचना. विंडोजमध्ये पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात येतात, दुसरं काही काम चालू असतानाही येतात, आणि चौकटीत बारीक अक्षरात एखाद्या संकेतस्थळाचं नाव असतं. चौथा, रीडायरेक्ट: वाचत असलेलं पानच बदलून भलतीकडे जातं. पाचवा, संगणकात किंवा फोनमध्येच मुक्काम ठोकलेलं काहीतरी.

ओळखायची रीत अशी. एकाच स्थळावर त्रास होतो का सगळीकडे? एकाच स्थळावर असेल तर पहिला, दुसरा किंवा चौथा प्रकार. सगळीकडे असेल, अगदी गूगलच्या कोऱ्या पानावरसुद्धा, तर कंट्रोल+शिफ्ट+एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा (फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+पी). तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक सोयी) मुळात बंद असतात. तिथे त्रास थांबला तर चोर एक्स्टेन्शन आहे. ब्राउझर पूर्ण बंद केल्यावरही जाहिराती येत असतील तर पाचवा प्रकार. पण हा निष्कर्ष काढण्याआधी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' या विभागात जाऊन, क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू ठेवण्याचा पर्याय बंद करा. तो चालू असला तर खिडकी बंद केल्यावरही सूचना येऊ शकतात.

वळणवाट

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. सूचनांबद्दल सविस्तर लिहितो, कारण घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावर नव्वद टक्के वेळा 'व्हायरस आला' म्हणजे हाच प्रकार असतो, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कशी होते पाहा. एखादं पान म्हणतं, 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा'. खऱ्या कॅप्चाला अलाउ कधीच दाबावं लागत नाही. ते बटण ब्राउझरचं असतं आणि त्याने त्या स्थळाला सूचना पाठवायचा कायमचा परवाना मिळतो. मग 'तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली', 'पाच धोके सापडले' अशा चौकटी येत राहतात. त्यावेळी संगणकात व्हायरस असेलच असं नाही, बहुधा नसतोच. त्या चौकटीवर क्लिक करून भलतंच काही उतरवून घेतलं की मात्र येतो.

काढायचं असं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली 'अलाउड' ची यादी असते. अनोळखी नावासमोरच्या तीन टिंबांवर जाऊन 'ब्लॉक' करा. नुसतं 'रिमूव्ह' केलंत तर ते स्थळ पुढच्या भेटीत पुन्हा परवानगी विचारू शकतं. ब्लॉक केल्यावर विचारतही नाही. त्याच पानावर वर, कोणत्याही स्थळाने सूचनांसाठी विचारूच नये असा पर्याय आहे, तो निवडून टाका. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, परमिशन्स, त्यात नोटिफिकेशन्ससमोरचं सेटिंग्ज बटण, आणि तळाशी नव्या विनंत्या अडवायची खूण. एजमध्येही मांडणी क्रोमसारखीच आहे.

मेल किंवा कॅलेंडर यांच्या सूचना हव्या असतील तर तेवढी दोन नावं 'अलाउड' मध्ये ठेवा. बातम्यांच्या स्थळांना परवानगी द्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

मधुमालती

एक अडचण विचारते. सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, परीक्षेचं हॉलतिकीट असं काही उतरवताना बटण दाबलं की काहीच होत नाही. कॅप्चा भरून पुन्हा दाबलं तरी तेच. पॉपअप अडवल्यामुळे होतं का हे? आणि मग सगळेच चालू करावे लागतील का?

टिपकागद

हो मधुमालती, त्यामुळेच होतं. पण सगळे चालू करू नका. अशा स्थळांवर उतारा नव्या खिडकीत उघडतो. तुम्ही स्वतः क्लिक करूनही तो अडवला जातो, कारण त्या क्लिकला मुदत असते. क्रोम आणि फायरफॉक्स क्लिकनंतर साधारण ५ सेकंदच खिडकी उघडायची मुभा देतात. सर्व्हरवर गर्दी असली, उत्तर यायला ८-१० सेकंद लागले, की मुदत टळलेली असते आणि मागवलेली खिडकीही आगंतुक ठरते. म्हणूनच तेच स्थळ रात्री नीट चालतं आणि दुपारी रुसतं.

अडवल्याची खूण क्रोमच्या ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला येते: लहानशा खिडकीचं चिन्ह. त्यावर क्लिक केलं की अडवलेल्या पत्त्याची ओळ दिसते आणि 'या स्थळाला नेहमी परवानगी द्या' असा पर्यायही. फायरफॉक्समध्ये पानाच्या वर पट्टी येते, तिच्यात तोच पर्याय असतो. परवानगी दिल्यावर पान ताजं करून कॅप्चा पुन्हा भरावा लागतो, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच परवानगी देऊन ठेवलेली बरी. साइट सेटिंग्जमध्ये 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' हा विभाग आहे, तिथे 'ॲड' दाबून पत्ता घालता येतो. पत्त्याच्या आधी चौकटी कंसात तारा आणि टिंब असं [*.] लिहिलं की त्या स्थळाचे सगळे उपविभाग त्यात येतात. सरकारी स्थळं एका पत्त्यावरून दुसऱ्या उपविभागावर पाठवतात, तिथे याचा फार उपयोग होतो.

मधुमालती

खूप आभार. ती खूण आजवर पाहिलीच नव्हती. आधी पत्ता घालून मग कॅप्चा, हे लक्षात ठेवते.

रात्रपाळी

यात एक धोक्याचा प्रकार राहिला. पूर्ण पडदा व्यापणारी निळी किंवा लाल खिडकी, कर्कश भोंगा, 'संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा'. माउसचा बाणही कधी दिसेनासा होतो. हे साधं वेबपान असतं. त्याने ब्राउझरला पूर्णपडदा करून ठेवलेलं असतं, एवढंच.

क्रमाने करा. एस्केप कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसती टिचकी पुरत नाही, कारण काही पानं कीबोर्डही अडकवून ठेवतात आणि दाबून धरल्यावरच ब्राउझर ताबा परत घेतो. मग कंट्रोल+डब्ल्यू, म्हणजे तेवढा टॅब बंद. पान पुन्हा पुन्हा चौकटी उघडत असेल तर क्रोममध्ये शिफ्ट+एस्केप: क्रोमचाच टास्क मॅनेजर उघडतो, त्यात तो टॅब निवडून 'एंड प्रोसेस'. तेही जमलं नाही तर कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर, आणि पूर्ण ब्राउझर बंद. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर पेजेस' असं विचारेल, तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. मॅकवर कमांड+ऑप्शन+एस्केप.

पानावरच्या फुलीला हात लावू नका. ती फुली चित्र असते, बंद करायचं बटण नव्हे. आणि वर टिपकागदांनी लिहिलंय तसं, पानावरचा कोणताही क्लिक म्हणजे नवी खिडकी उघडायची परवानगी. कीबोर्डने बंद केलं की पानाला क्लिक मिळतच नाही. शीर्षकातलं 'माउस वापरू नका' ते यासाठी.

त्या क्रमांकावर फोन केला गेला असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून दूरनियंत्रणाचं ॲप उतरवलं असेल, तर आधी इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

गाळणी

आता ब्लॉकरविषयी. माझी शिफारस यूब्लॉक ऑरिजिन, आणि तीही फायरफॉक्सवर. कारण सांगतो. क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला. जुन्या पद्धतीत ब्लॉकर प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवू शकत असे. नव्या पद्धतीत तो नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती देतो आणि अडवायचं काम ब्राउझर करतो. त्यामुळे मूळ यूब्लॉक ऑरिजिन क्रोममध्ये चालत नाही, तिथे त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते. ती वाईट नाही. तिच्यात गाळण्याची पातळी 'ऑप्टिमल' किंवा 'कम्प्लीट' ठेवा, 'बेसिक' वर बरंच काही निसटतं. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती पूर्ण ताकदीने चालते.

उतरवताना नाव नीट वाचा. 'ऑरिजिन' हा शब्द हवा आणि कर्ता रेमंड हिल हवा. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं एक्स्टेन्शन वेगळं आहे.

टाकल्यावर पानांवरच्या चौकटी जात नाहीत म्हणून लोक निराश होतात. अशा चौकटी अडवणाऱ्या याद्यांवर सुरुवातीला खूणच नसते. एक्स्टेन्शनच्या चिन्हावर क्लिक, दातेरी चक्र, मग 'फिल्टर लिस्ट्स'. तिथे 'कुकी नोटिसेस' आणि 'ॲनॉयन्सेस' हे दोन गट उघडून खुणा करा आणि वरचं 'अप्लाय चेंजेस' दाबा. हे दाबायला विसरलं की खुणा वाया.

यादीतून सुटलेल्या चौकटीसाठी दोन हत्यारं आहेत. विजेच्या चिन्हाचं तात्पुरतं: चौकट टिपा, उडाली, पान ताजं केलं की परत येते. ड्रॉपरच्या चिन्हाचं कायमचं: चौकट निवडा, 'क्रिएट' दाबा, नियम 'माय फिल्टर्स' मध्ये जमा होतो. ड्रॉपर वापरताना चौकटीसोबत तिच्या मागचा काळपट पडदाही निवडून उडवा, तो वेगळा भाग असतो. चौकट गेली पण पान वरखाली सरकत नाही, असंही होतं. चौकट दाखवताना स्थळाने सरकणं गोठवलेलं असतं आणि चौकट उडाली तरी ते गोठलेलंच राहतं. अशा वेळी विजेचं हत्यार वापरून पाहा, ते सरकणंही मोकळं करायचा प्रयत्न करतं. नाहीतर एफ९ दाबून फायरफॉक्सचा वाचन-दृश्य प्रकार उघडा, लेख तेवढा समोर येतो. एजमध्येही एफ९ च.

आणि दोन ब्लॉकर एकाच वेळी ठेवू नका. 'ब्लॉकर बंद करा' म्हणणाऱ्या पानांना चकवण्यासाठी एक जण जे मुद्दाम जाऊ देतो ते दुसरा अडवतो, आणि पान रिकामं दिसतं.

पानगळ

+१. एक भर: कुकीची चौकट लपवली म्हणजे कुकीज नाकारल्या असं होत नाही. तो प्रश्न अनुत्तरित राहतो, एवढंच. काही स्थळं उत्तर मिळेपर्यंत व्हिडिओ किंवा नकाशा दाखवत नाहीत. अशा ठिकाणी ब्लॉकरच्या चिन्हावर क्लिक करून मोठ्या पॉवर बटणाने तेवढ्या स्थळापुरता तो बंद करा, पान ताजं करा, 'रिजेक्ट ऑल' दाबा आणि ब्लॉकर पुन्हा चालू करा.

भटकंती

फोनवर काय? अँड्रॉइडवर तर ब्राउझर उघडलेला नसतानाही पूर्ण पडद्यावर जाहिरात येते.

वळणवाट

ब्राउझर बंद असताना पूर्ण पडदा व्यापत असेल तर ते दुसऱ्या एखाद्या ॲपचं काम आहे. जाहिरात दिसत असतानाच अलीकडच्या ॲपांची यादी उघडा (चौकोनी बटण, किंवा तळापासून वर ओढून थांबणं). जाहिरातीच्या पानावर कोणत्या ॲपचं चिन्ह आहे ते दिसतं. चिन्ह कोरं असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' बघा. काही फोनांत नावं थोडी वेगळी असतात. बॅटरी, फाइल साफसफाई, क्यूआर स्कॅनर, वॉलपेपर असल्या ॲपना ही परवानगी कशाला लागते? काढून घ्या आणि ॲपही काढा. काढता येत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून) सुरू करून काढा: पॉवर बटणाच्या यादीत 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनांत सेफ मोड विचारतो.

ब्राउझरमधलंच असेल तर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्स उतरवा, त्याच्या मेनूत एक्स्टेन्शन्समध्ये यूब्लॉक ऑरिजिन आहे. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये 'ब्लॉक पॉप-अप्स' चालू ठेवा, आणि २०२५ पासून यूब्लॉक ऑरिजिन लाइट ॲप स्टोअरवरही आहे.

अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस ही सोय आहे. डीएनएस म्हणजे स्थळाच्या नावावरून त्याचा सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रायव्हेट डीएनएस, आणि तिथे डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम हा पत्ता, इंग्रजी अक्षरांत. अनेक ॲपांतल्या जाहिरातीही यामुळे थांबतात. मर्यादा लक्षात घ्या: जाहिरात जर स्थळाच्या स्वतःच्याच सर्व्हरवरून येत असेल तर डीएनएस काही करू शकत नाही, यूट्यूबच्या जाहिराती म्हणूनच जात नाहीत. आणि स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायचं लॉगिनचं पान उघडलं नाही तर ही सोय तात्पुरती 'ऑटोमॅटिक' करा, लॉगिन झालं की परत लावा.

कळफलक

कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर तो केवळ संकटकाळी वापरायचा नाही. सगळ्या कळा पाठ करायची गरज नाही, मोजक्या बोटांत बसल्या की पुरे.

कंट्रोल+एल म्हणजे थेट ॲड्रेस बार. तिथे टाइप करून आल्ट+एंटर दाबलं की उत्तर नव्या टॅबमध्ये, हातातलं पान शाबूत. कंट्रोल धरून दुव्यावर क्लिक, किंवा माउसच्या चाकाने क्लिक: दुवा मागच्या टॅबमध्ये उघडतो. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल+शिफ्ट+टी ने परत, एकामागून एक. कंट्रोल+१ ते ८ म्हणजे त्या क्रमांकाचा टॅब. कंट्रोल+९ मात्र नववा नव्हे, शेवटचा. टॅब तीस-चाळीस झाले असतील तर क्रोममध्ये कंट्रोल+शिफ्ट+ए दाबून नावाने शोधा. फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये आधी टक्क्याची खूण आणि जागा सोडून शब्द लिहिला की फक्त उघड्या टॅबांत शोधतो, तारा लिहिला तर बुकमार्कांत.

फायरफॉक्समधली मला सर्वांत आवडणारी कळ म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह. पानावर असताना ती दाबा, दुव्यातले शब्द लिहायला लागा, दुवा निवडला जातो, एंटर दाबलं की उघडतो. फसव्या बटणांनी भरलेल्या डाउनलोडच्या पानांवर ही कळ लाख मोलाची आहे.

मागे जाऊ न देणारी पानं भेटतात. आल्ट+डावा बाण कितीही दाबा, तिथेच. पानाने इतिहासात स्वतःच्या जास्तीच्या नोंदी घुसवलेल्या असतात. मागे जायच्या बाणावर उजवं क्लिक करा, गेलेल्या पानांची यादी उघडते, तीतून थेट हवं ते निवडा.

मधुमालती

मराठी कळफलक चालू असताना या कळा चालतात का?

कळफलक

विंडोजमध्ये कंट्रोल किंवा आल्टसह असलेल्या कळा इनस्क्रिप्ट (मराठी कळफलकाची प्रमाण मांडणी) चालू असतानाही चालतात. अडतं ते एकट्या कळांवर. एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी इनस्क्रिप्टमध्ये 'ट' आहे, तेव्हा विंडोज+स्पेसने आधी इंग्रजीवर या, चिन्ह दाबा, मग परत मराठीवर जाऊन दुव्याचे शब्द लिहा. व्हिमियम हे कीबोर्डने ब्राउझर चालवायचं एक्स्टेन्शन वापरणाऱ्यांनी त्याच्या पर्यायांत 'इग्नोर कीबोर्ड लेआउट' वर खूण करावी, नाहीतर देवनागरीत असताना त्याच्या कळा चालत नाहीत.

पानात मराठी शब्द शोधतानाही एक गोम आहे. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकात नुक्ता असलेला र आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधताना जुळतीलच असं नाही. कंट्रोल+एफ मध्ये नुसतं 'दुस' लिहा, सापडेल. जुन्या फॉन्टांत बनवलेल्या पीडीएफमध्ये मात्र काहीच सापडणार नाही, तिथे अक्षरं आतून वेगळीच असतात.

भटकंती

फोन सुधारला, एक क्यूआर स्कॅनर निघाला चोर. आता संगणकाचं: क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसतं. घरचा संगणक आहे, ऑर्गनायझेशन कुठली? एक एक्स्टेन्शन आहे, त्याला 'रिमूव्ह' बटणच नाही.

गाळणी

हाच टिपकागदांचा पाचवा प्रकार. कार्यालयांना आपल्या संगणकांवर नियम लादता यावेत म्हणून ही सोय आहे, तीच कोणीतरी तुमच्यावर वापरली आहे. काही अँटिव्हायरसही वापरतात, म्हणून आधी बघून घ्या. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा, पॉलिसी असं लिहा. यादीत 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असेल तर तिच्यात एक्स्टेन्शनचा लांबलचक ओळखक्रमांक दिसेल. तो एक्स्टेन्शन्सच्या पानावर 'डेव्हलपर मोड' चालू करून जुळवून बघा.

क्रम महत्त्वाचा. आधी विंडोजच्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स' मध्ये तारखेनुसार लावून त्या सुमारास आलेली अनोळखी प्रणाली काढा. मग टास्क शेड्यूलर उघडून ब्राउझर सुरू करणारी किंवा अनोळखी फाइल चालवणारी कामं बघा; ठरावीक वेळी आपोआप जाहिरात उघडते ती बहुधा इथून. त्यानंतर रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्ज बदलायची सोय) लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. 'एक्सपोर्ट' ने प्रत ठेवा आणि मग तो 'क्रोम' फोल्डर काढा. करंट यूजरखालीही तसाच फोल्डर असू शकतो. हे आधी केलंत आणि प्रणाली तशीच ठेवलीत तर ती पुन्हा सगळं लिहून ठेवते. कार्यालयाच्या संगणकावर यातलं काहीही करू नका.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट' ची ओळ तपासा. अवतरणचिन्ह संपल्यावर एखाद्या स्थळाचा पत्ता जोडलेला असेल तर तेवढा पुसा.

शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज'. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. आणि रीसेट करायच्या आधी सिंक (एका खात्यावरच्या सगळ्या संगणकांवर सेटिंग्ज सारख्या ठेवणारी सोय) बंद करा. त्याच खात्यावर दुसरा संगणक असेल तर तेच एक्स्टेन्शन तिथून परत उतरतं. तिथलं काढल्यावरच सिंक पुन्हा चालू करा.